लहान टोपली आधी

आसगावच्या सत्यभामाबाईला डिझेलच्या वासाची कधी शिसारी आली नाही. गावातल्या बाकी बायका तो वास आला की पदर नाकाला लावत. ही मात्र सकाळी पहिला भपकारा आला की चुलीवर चहाचं आधण ठेवी. इंजिन सुरू झालं म्हणजे माणसं येणार, आणि माणसं येणार म्हणजे आजचा दिवस एकटीनं ढकलावा लागणार नाही, असा तिचा साधा हिशोब होता.

तिचा नवरा जागेश्वर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोटी मूलबाळ नव्हतं. शेत दिराकडे बटईनं होतं. तो वर्षातून एकदा धानाची पोती टाकून जाई आणि ‘बरं हाव ना वहिनी’ असं विचारून उत्तर ऐकायच्या आत बंडी हाकी. घर गावाच्या टोकाला, बोडीच्या काठावर. बोडी म्हणजे आपला लहानसा तलाव. पुढे लांबलचक छपरी, आत चार खोल्या, बाजूला गुरांचा कोठा आणि मागे वाडी. गुरं विकली तसा कोठा रिकामा झाला आणि कोठ्याच्या मागोमाग घरही रिकामं होत गेलं. दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा तो मांजराला हाकलताना. पुढे मांजरानंही दुसरं घर धरलं. तेव्हा सत्यभामाबाईनं कोठा भाड्यानं द्यायचं ठरवलं.

भाडेकरू मिळाला तो कोंढ्याचा टेकचंद. कोठ्यात त्यानं धान भरडायची मशीन टाकली. लोक तिला मिल म्हणत. मिल कसली, एक इंजिन, एक पट्टा, एक हलर आणि टेकचंदचा आवाज. आणि चौघांत मोठा आवाज टेकचंदचाच. माणूस वाईट नव्हता. चांगलं वागायला त्याला सवड मिळत नसे, एवढंच.

मिल सुरू झाली आणि सत्यभामाबाईच्या छपरीचं नशीब उघडलं. आजूबाजूच्या टोल्या-वस्त्यांवरून बायका डोक्यावर धानाच्या टोपल्या घेऊन येत, टोपली रांगेत ठेवत आणि पाळीची वाट बघत छपरीत टेकत. पाळी काही लवकर येत नसे. मग गोष्टी निघत. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाची म्हैस व्यायली, कोणाचा जावई दिवाळसणाला रुसून परत गेला. सत्यभामाबाई बोले थोडं, ऐके फार. छपरीतला पाण्याचा रांजण दिवसातून तीनदा भरावा लागे, आणि विहिरीवरून तिसरी खेप आणताना कंबर भरून आली तरी तिला बरं वाटे. आपल्या घरात पाणी संपतं, ही गोष्ट तिला वर्षानुवर्षं माहीतच नव्हती.

त्यातल्या त्यात तिचा जीव जडला जमुनाबाईवर. जमुनाबाई धिवराची. बोडीच्या पलीकडच्या काठाला त्यांची घरं. बोडीतली मासोळी आणि शिंगाडे यांच्यावर त्यांचं पोट, आणि उरल्या दिवसांत घरच्या भट्टीवर मुरमुरे फोडायचे. जमुना तोंडाची फटकळ. पण नक्कल अशी करायची, की टेकचंदच्या चालण्याची नक्कल बघून एकदा सत्यभामाबाईला हसता हसता ठसका लागला होता. इतकं हसण्याची सवय मोडली होती तिची.

तर अशी ही घरमालकीण. भाडं वेळेवर येतं का, याच्यापेक्षा छपरी भरते का, याच्यावर तिचं जास्त लक्ष. टेकचंदला वाटे, आपल्याला देवानं गरीब गाय दिली. ती गाय शिंग उगारील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पहिलं शिंग उगारलं ते भुशापायी. हलरमधून निघणारा भुसा टेकचंद सरळ मागच्या दारानं बोडीत लोटत असे. एका वर्षी पाणी काळं पडलं. शिंगाड्याचे वेल काठाकडून सडत आत निघाले. जमुना एक दिवस तो सडका वेलच घेऊन छपरीत आली आणि सत्यभामाबाईच्या पायापाशी टाकून म्हणाली, “हे पाहा बाई. तुमच्या भाडेकऱ्याचा प्रसाद.”

सत्यभामाबाई उठली ती थेट मिलमध्ये.

“टेकचंद, भुसा बोडीत कायले टाकून राहिला गा?”

“तं कुठे टाकू, काकू? डोक्यावर घेऊन हिंडू?”

“माह्या वाडीत टाक.”

“वाडीत? घरभर उडन ना तो. तुमच्या नाकात, भातात, गादीत.”

“उडू दे. मी एकटी. माह्या नाकाची काळजी तू नको करू.”

टेकचंदनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं पट्टा तुटल्यावर इंजिनाकडे बघे. पण जागा तिची, वाडी तिची, बोलणार काय? त्या दिवसापासून भुसा वाडीत पडू लागला. ढीग वाढला. सत्यभामाबाई शिंकून शिंकून बेजार झाली, आणि शिंकता शिंकताच तिनं जमुनाला विचारलं, “तुमच्या भट्टीत जळन काय व हा?” जमुनानं नेऊन पाहिला. मूठमूठ टाकत राहावं लागे, पण जळत होता, आणि झकास जळत होता. धिवरांच्या बायकांची जंगलात लाकडाला जायची खेप वाचली, वनरक्षकाची बोलणी वाचली. ढीग वाढेना, वाडीतून टोपल्या भरून जाऊ लागल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोडीचं पाणी निवळलं आणि शिंगाड्याची पांढरी फुलं पुन्हा दिसली. टेकचंद आल्यागेल्याला सांगू लागला, “आपल्या मिलमधी कचराबी वाया जाऊ देत नाही आपण.” सत्यभामाबाई हे छपरीतून ऐके आणि गालात हसे. श्रेय गेलं तर गेलं. छपरी भरलेली होती ना!

आता आषाढातली ती गोष्ट. खरं दुखणं तिथून सुरू झालं.

रोवणीचे दिवस होते. चिखल झाला की धानाची रोपं बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लावायला हात मिळत नाहीत, आणि बायकांना वर्षातली बरी मजुरी मिळते ती याच दिवसांत. जमुनाची सून सखाबाई पहाटे लहानशी टोपली घेऊन आली. घरात तांदूळ नव्हता. पहिली पाळी लावायची, तांदूळ घरी टाकायचा आणि रोवणीला पळायचं, असा तिचा बेत. टोपली रांगेत पहिली होती. पण एवढ्यात मारोतरावची बंडी आली. मारोतराव गावातला मोठा कास्तकार. त्याची बंडी आली की इंजिनाचा धर्म बदलत असे. टोपल्या मागे सरत आणि पोती पुढे येत. त्या दिवशी बंडीमागून आणखी एक बंडी आली. वरून पाऊस लागला. छपरी बायकांनी गच्च भरली.

सत्यभामाबाईला तो दिवस फार आवडला होता. बाहेर पावसाची झड, आत बायका खेटून बसलेल्या. तिनं चणे भाजले, दोनदा चहा केला. कोणीतरी रोवणीचं गाणं धरलं तर सगळ्यांनी ओढलं. सखा तेवढी गप्प होती, पण सुना गप्पच असतात असं तिला वाटलं. तिन्हीसांजेला तिच्या मनात आलं, की आजचा दिवस लवकर सरला. असं तिला क्वचित वाटे.

दिवेलागणीला जमुना भिजत आली. सुनेची टोपली अजून तशीच, धानानं भरलेली. जमुनानं एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा चण्याच्या रिकाम्या परातीकडे.

“सखा, लेकरं सकाळपासून कोरड्या मुरमुऱ्यावर हायेत,” ती म्हणाली. “रोवणीवाले दुसरी बाई घेऊन गेले. उद्या बोलवतीन का नाई, देव जाणे.”

सखा रडू लागली. सत्यभामाबाई गडबडीनं म्हणाली, “माह्या घरचा तांदूळ नेऊन जाय व. हे काय, आत्ता देतो.”

“तांदूळ नेतो बाई,” जमुना म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. “आज नेतो. पण रोज कोणाकोणाले देसान? तुमच्या छपरीवर बसून आमचा दिवस जाते. तुमाले बरं वाटते, हे दिसते आमाले. आमचा तं दिवसच जाते ना.”

त्या गेल्या. सत्यभामाबाई परात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. रागही आला होता तिला. आपण चहा पाजतो, चणे देतो, पाणी भरतो, आणि वर हे! पण राग टिकेना. राग टिकायला समोरचा खोटा असावा लागतो. आपल्याला जो मेळा वाटत होता, तो त्या बायकांचा खोळंबा होता. त्या हसत होत्या, गात होत्या, हे खरं. पण अडकून पडलेला माणूसही वेळ जावा म्हणून गातो. गेली तीन-चार वर्षं आपली करमणूक कोणाच्या तरी मजुरीवर चालली होती, हे तिला आज सुनेच्या रडण्यातून कळलं, आणि कळल्यावर परत न कळल्यासारखं करता येईना.

पुढे काय करायचं हे तिला लगेच सुचलं होतं. करायला मात्र तिनं आठ दिवस घेतले. कारण हे जमलं तर छपरीचं काय होईल, हेही तिला त्याच क्षणी दिसलं होतं.

नवव्या दिवशी ती मिलमध्ये गेली.

“टेकचंद, आजपासून लहान टोपली आधी. पोती मागून.”

टेकचंदनं इंजिन बंद केलं. असं तो फक्त कोणी मेल्याचं ऐकलं तरच करी.

“काकू, तुमी घरमालकीण हाव का तहसीलदार? भुसा वाडीत टाक म्हटलं, टाकला. आता पाळीबी तुमीच लावता? मारोतरावची पोती पावसात भिजली तं तो पवनीच्या मिलमधी घेऊन जाईन. मंग मी टोपल्या भरडून इंजिनाले काय पाजू, बोडीचं पाणी?”

“भिजतीन कायले? माही धानाची खोली घे.”

“कोणती?”

“आतली. पक्की आहे, उंदीर नाही लागत. रिकामीच असते आता. किल्ली तुह्यापाशी ठेव. मोठ्या लोकांची पोती आली की तिथे उतरव, आणि टोपल्या संपल्या की निवांत भरड. भाडं नको वाढवून देऊ.”

टेकचंद विचारात पडला. आपली कोठी असलेली मिल साऱ्या पंचक्रोशीत नव्हती. तोटा शोधायला त्यानं डोकं खाजवलं, पण सापडेना.

“आन मारोतराव म्हणन, मी काहून थांबू?”

“त्याले थांबायचं काय काम? पोती थांबतीन. पोत्यांले घरी लेकरं नसतात.”

आणखी एक अडचण होती. टेकचंदचा नेम असा, की धान मालकाच्या डोळ्यांदेखतच भरडायचं. मागून कोणी म्हणू नये, की माझा तांदूळ बदलला, माझ्यात कणी मिसळली. नेम चांगला होता, पण त्यानंच बायका दिवसभर अडकून पडत. सत्यभामाबाईनं छपरावरून उतरवलेल्या फुटक्या कवेलूंचा ढीग उपसला. प्रत्येकीला एक तुकडा दिला. त्यावर कोळशानं ज्या त्या बाईनं आपली खूण काढायची. जमुनानं मासोळी काढली, सखानं शिंगाडा काढला तो बैलाच्या तोंडासारखा दिसे. कोणी चंद्र काढला, कोणी कंगवा. टोपली ठेवायची, कवेलू छपरीतल्या फळीवर ओळीनं लावायचं आणि कामाला निघून जायचं. ओळ बघून सत्यभामाबाई अंदाज सांगे: “सावली पायरीवर आली की ये,” नाही तर “लेकराले जेवू घालून ये.” कवेलू नाही तर पाळी नाही, असा नियम तिनंच घातला, नाही तर भांडणं झाली असती.

मारोतराव दोन दिवस फुरंगटला. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की पोती टाकून बंडी लगेच मोकळी होते आणि गड्याला वाट बघत झोपा काढता येत नाहीत. मग तोही म्हणू लागला, की टेकचंदला अक्कल आहे. टेकचंद नाही म्हणत नव्हता.

बायकांचं तर सोनं झालं. सकाळी टोपली टाकायची, रोवणीला जायचं, दुपारच्या सुट्टीत येऊन तांदूळ न्यायचा. सखाची मजुरी एक दिवसही बुडाली नाही. जाताना जी ती म्हणे, “बाई, तुमच्यापायी सुख झालं,” आणि पायरी उतरून जाई.

आणि छपरी रिकामी झाली.

सत्यभामाबाईनं हे होणार म्हणून मनाची तयारी केली होती. पण दाढ उपटायची तयारी केली म्हणून दुखायचं राहत नाही. इंजिन तसंच धडधडे, डिझेलचा वास तसाच येई, आधण ठेवायची सवय हाताला राहिली होती. आणि समोर भिंतीला लागून टोपल्या नुसत्या ओळीनं बसलेल्या असत. बायांविना टोपल्या. कोणती कोणाची हे तिला बुडावरून कळे. रांजण सकाळी भरलेला संध्याकाळी तसाच काठोकाठ असे. ते पाणी ती मिरच्यांच्या वाफ्याला घाली आणि सकाळी नवं भरी, कोणी तहानेलं आलं तर शिळं नको म्हणून.

श्रावण गेला, भादवा गेला. पोळ्याला बैल नाहीत, म्हणून दाराला तोरण तेवढं बांधलं. मारोतरावची पोती आतल्या खोलीत रचलेली असत, आणि एका दुपारी सत्यभामाबाईच्या लक्षात आलं, की आपण त्या पोत्यांना ‘सरका बापा, झाडू द्या’ असं म्हणालो. ती दचकली. मग हसली. पण हसायला सोबत कोणी नसलं की हसू तोंडातच वाळून जातं.

कार्तिकात शिंगाडे निघाले. त्या वर्षी बोडी अशी फळली, की बघत राहावं. एका सकाळी जमुना आली. डोक्यावर धानाची टोपली, कडेवर उकडलेल्या शिंगाड्यांचा झाकलेला डाला.

“घाईत हाव बाई,” ती म्हणाली. “घरी शिजवाले तांदूळ नाही, सखाबी कापणीले गेली. टोपली भरडली की घरी टाकतो अन् दुपारच्या गाडीनं पवनीच्या बाजारात जातो. शिंगाडे आजच खपले पायजे, उकडलेलं उद्या चिकट होते.”

“तुह्या आधी दोनच टोपल्या आहेत,” सत्यभामाबाई म्हणाली. “जाय, बोडीवरून एक चक्कर मारून ये.”

जमुनानं डाला सावलीत ठेवला, मासोळीचं कवेलू फळीवर लावलं आणि गेली. जाताना तिनं टेकचंदची ती जुनी नक्कल केली, पोट पुढे काढून दोन पावलं. सत्यभामाबाईला हसू फुटलं. आणि ते हसू ओसरायच्या आत, तिचं तिलाही नीट कळायच्या आत, तिनं फळीवरचं ते कवेलू उचललं आणि रांजणामागे सरकवून दिलं.

असं का केलं, हे विचारायची सोय नाही. भुकेल्या माणसाचा हात ताटाकडे जातो, तसा तिचा हात गेला.

जमुना परत आली तेव्हा तिसऱ्या जागी दुसरीच खूण होती. टेकचंदनं ओळ पाहिली. “मासोळी दिसत नाही, मावशी. कवेलू नाही तं पाळी नाही. काकूचाच नियम हाय. मंग शेवटी लागा.” जमुनानं सत्यभामाबाईकडे पाहिलं. हिनं एक शब्द काढला असता, तर काम झालं असतं. सत्यभामाबाई खाली बघून सूप पाखडत राहिली. सुपात काही नव्हतं.

मग जमुना बसली. करते काय! बसली तशी सवयीनं बोलू लागली. पलीकडच्या काठावर कोणाचं लग्न जमलं, जाळ्यात केवढा मोठा बोटरी मासा आला, सखाला आता दिवस गेले आहेत. सत्यभामाबाईनं चहा टाकला. भाजलेल्या शेंगा काढल्या. रांजणातलं पाणी पहिल्यांदा अर्ध्यावर आलं. किती दिवसांनी छपरीत माणसाचा आवाज होता! ती इतकी सुखावली, की दुपारच्या गाडीचा हॉर्न रस्त्यावरून आला तेव्हा तो तिला आधी ऐकूच आला नाही. ऐकला तो जमुनानं. बोलता बोलता ती थांबली, रस्त्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही.

थोड्या वेळानं जमुना पाणी प्यायला उठली. गडू बुडवायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग हात घालून तिनं रांजणामागून कवेलू काढलं. पदरानं पुसलं. मासोळी जराशी फिसकटली होती.

“हे इथे कसं गेलं, बाई?”

उंदीर म्हणता आलं असतं, मांजर म्हणता आलं असतं. मांजर तर नव्हतंच.

“मीच ठेवलं,” सत्यभामाबाई म्हणाली.

“कायले?”

सत्यभामाबाईनं रिकामं सूप जवळ ओढलं.

“तू बसावी म्हणून.”

जमुना चिडेल, डाला पायानं लोटेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जमुना खाली बसली आणि कवेलू मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

“तं तसं म्हणायचं होतं ना, बाई,” ती शेवटी म्हणाली. “इतक्या वर्षांत तुमी चहा दिला, पाणी दिलं, तांदूळ दिला. पण ‘जमुना, माह्यापाशी जराशी बस’ असं एकदाबी नाई म्हटलं. आमाले वाटे, बाई मोठ्या घरच्या, यांले आपलं काय काम? आमी पाळीपायी बसत होतो. तुमी म्हटलं असतं तं तुमच्यापायी बसली असती.”

सत्यभामाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. जमुनाची टोपली भरडून झाली. जमुनानं तांदूळ उचलला, डाला उचलला. डाला घेताना तिनं झाकण उघडून एकदा आत बघितलं आणि परत झाकलं. मग ओंजळभर शिंगाडे काढून तिनं सत्यभामाबाईच्या रिकाम्या सुपात टाकले आणि पायरी उतरली.

ते शिंगाडे सत्यभामाबाईनं त्या रात्री जेवणाऐवजी खाल्ले. डाल्यातले बाकीचे उद्या चिकट होणार, हा ठसका तिला प्रत्येक शिंगाड्यागणिक लागला.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू व्हायच्या आधी तिनं छपरीतली फळी खिळ्यांसकट उपटली आणि टेकचंदपुढे नेऊन ठेवली.

“ही तुह्या दाराशी ठोक. आजपासून कवेलू तुह्यासमोर. मी हात नाही लावत.”

“काहून काकू? कंटाळल्या का?”

“हो,” ती म्हणाली.

टेकचंदनं फळी ठोकली. ठोकता ठोकता तो रिकाम्या छपरीकडे बघत होता. या माणसाला इंजिनापलीकडचं काही दिसत नाही असं गाव म्हणे, पण गाव पुष्कळ काही म्हणतं. हातोडी थांबवून तो हळूच म्हणाला, “तुमाले करमत नाही, हे दिसते मले. म्हणान तं पयलेसारखं करून टाकू. पोती आधी, टोपल्या मागून. उद्यापासून छपरी भरून जाईन. माहं काय जाते?”

त्याचं काहीच जात नव्हतं, हे खरं होतं. एक हो म्हटलं की पुरे होतं. उद्या पुन्हा चण्याची परात, गाणं, पाण्याच्या तीन खेपा. सत्यभामाबाईनं पदर डोक्यावर सारखा केला.

“खिळा नीट ठोक,” ती म्हणाली. “वाकडा जाऊन राहिला.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी जमुना आली, सोबत सखा. सत्यभामाबाई दारात उभी होती. पहाटेपासून उभी होती म्हटलं तरी चालेल. आठवडाभर ती मनाशी एकच वाक्य म्हणत होती. विहिरीवर म्हणाली होती, चुलीपाशी म्हणाली होती, आतल्या पोत्यांना तर दोनदा म्हणून दाखवलं होतं. चार शब्दांचं वाक्य ते, पण सगळं आयुष्य न बोललेलं तोंड त्याला वळता वळत नव्हतं.

जमुनानं टोपली ठेवली, टेकचंदच्या दारावरच्या फळीला कवेलू लावलं. मासोळी नव्यानं काढली होती. त्या दिवशी टोपली पहिलीच होती. तांदूळ हाती येताच सखा तो घेऊन घराकडे गेली आणि जमुनानं शिंगाड्यांचा डाला डोक्यावर चढवला. डाला वरपर्यंत भरला होता. मागच्या बाजाराची भर याच बाजारात काढायची होती.

“जमुना,” सत्यभामाबाईनं हाक मारली.

जमुना थांबली. डाला तोलत हळूच वळली. “काय, बाई?”

ती खरंच थांबली होती. चेहऱ्यावर घाई नव्हती. आता म्हटलं असतं, तर तिनं डाला उतरवला असता, छपरीत मांडी घातली असती, आणि पवनीच्या गाडीचं नावही काढलं नसतं. हे सत्यभामाबाईला तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. वाक्य ओठांवर आलं होतं. आज ते जडही वाटत नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली. “जाय लवकर. गाडी निघून जाईन.”

जमुनानं डोक्यावरचा डाला सारखा केला. मग म्हणाली, “सांजी येतो, बाई.” आणि बोडीच्या कडेकडेनं रस्त्याकडे निघाली.

सांजी येतो असं सगळ्याच म्हणत. सत्यभामाबाई डाला दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली. मग तिनं रांजणातलं कालचं पाणी मिरच्यांना घातलं आणि घागर घेऊन विहिरीवर गेली.